दुसरे घर की दुसरे बिऱ्हाड?

नोकरीची वर्षे संपत आली की मध्यमवर्गीय माणसाच्या मनात एक प्रश्न हळूहळू आकार घेऊ लागतो. मुलांची शिक्षणे झालेली असतात, राहत्या घराचे हप्ते फिटलेले असतात आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची रक्कम हाती पडायची असते. मग पुढची वीस वर्षे कोठे काढायची? सगळीच्या सगळी शहरातल्या त्या दोन खोल्यांत काढण्याची कल्पना सोसवत नाही, आणि शहर कायमचे सोडण्याचे धैर्य होत नाही. यातून मधला मार्ग सुचतो तो असा की, वर्षातले काही महिने शहरात, मुलानातवंडांजवळ राहावे आणि उरलेले कोठेतरी दूर, शांत जागी काढावेत. ही दूरची जागा म्हटली की अलीकडच्या काळात डोळ्यांपुढे येतो तो समुद्रकिनारा. माडाची बाग, समोर वाळू, ओसरीवर आरामखुर्ची, हे चित्र इतके रूढ झाले आहे की त्यापलीकडे काही असू शकेल याचा विचारही सहसा केला जात नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या वाचकांना या चित्राची दुसरी बाजू ठाऊक आहे. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर धावू लागली. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आणि गोव्यातील मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. दळणवळणाची अशी प्रत्येक सोय झाली की किनाऱ्यावरच्या जमिनीचा भाव एक पायरी वर चढतो. एकेकाळी अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर ही गावे बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडत असत; मग तो मालवण, वेंगुर्ल्याकडे वळला; आता तिथेही त्याच्या हिशेबाला जमीन पुरी पडत नाही. गोव्याबद्दल तर बोलायलाच नको. आणि एवढे करून बांधलेली घरे वसतात म्हणावे, तर तेही नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांपैकी सुमारे एक घर रिकामे असल्याचे आढळले होते. त्याच जनगणनेनुसार साठीपलीकडच्या लोकांचे प्रमाण गोव्यात ११ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राज्यांत केरळच्या खालोखाल, होते. एकीकडे वाढती वृद्धांची संख्या आणि दुसरीकडे कुलूपबंद घरांची रांग, हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले म्हणजे दुसऱ्या घराच्या प्रश्नाचे खरे स्वरूप लक्षात येते. घरे कमी आहेत असे नाही. ज्यांना राहायचे आहे त्यांना ती परवडत नाहीत आणि ज्यांना परवडतात ते तेथे राहत नाहीत.

हिशेबाची वही

या विषयात भावनेपेक्षा हिशेब आधी मांडलेला बरा. समजा, एखाद्या निवृत्त गृहस्थाने किनाऱ्यावरच्या गावी ३० लाख रुपयांची लहानशी सदनिका घेतली. हीच रक्कम बँकेत ठेवली असती आणि ७ टक्के व्याज धरले असते, तर वर्षाला २ लाख १० हजार रुपये हाती आले असते. घरपट्टी, वीज, राखणदार, रंगरंगोटी आणि दुरुस्ती यांसाठी वर्षाचे ४० हजार धरले, तर हे घर त्याला वर्षाला अडीच लाखांना पडते. तो तेथे किती राहतो? पहिल्या वर्षी उत्साहाने तीन महिने, मग दोन, मग दिवाळी आणि मे. साठ दिवस धरले, तर एका रात्रीच्या निवाऱ्याची किंमत चार हजार रुपयांच्या पुढे जाते. हा गृहस्थ प्रवासात असताना चार हजारांच्या खोलीकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण घर आपले म्हटले की हा खर्च डोळ्यांआड होतो. घराची किंमत उद्या वाढेल, असे उत्तर यावर दिले जाते. वाढेलही. परंतु ती वाढ वारसांच्या पदरात पडेल. वृद्धापकाळी औषधाच्या दुकानात ती चालत नाही.

शिवाय ३० लाख हाती असलेल्यांचीच ही गोष्ट झाली. कारखान्यात किंवा खाजगी पेढीत आयुष्य घालवलेल्या कितीतरी कामगारांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी रक्कम फार तुटपुंजी असते; २०१४ साली या योजनेचे किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले, यावरून तिची पातळी कळावी. अशा माणसालाही उत्तरायुष्यात चार महिने शांत जागी राहावेसे वाटते. ती इच्छा श्रीमंतांची मिरास नव्हे.

समुद्राचा स्वतःचा असा एक हिशेब असतो, तोही पाहिला पाहिजे. खारा वारा लोखंडाला खातो, सळ्या फुगतात, गिलावा सुटतो. बंद घराला वाळवी लागते आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या बागा एका दुपारात आडव्या केल्या आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने तोच धडा पुन्हा गिरवला. ज्याची बाग होती तो तेथे होता म्हणून पुन्हा उभा राहिला. ज्याचे फक्त दुसरे घर होते त्याला छप्पर उडाल्याचे दूरध्वनीवरून कळले. कायद्याचेही कुंपण आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली, नंतर २०११ आणि २०१९ साली ती नव्याने काढण्यात आली. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, हे २०१९ च्या अधिसूचनेनेही कायम ठेवले. समोर समुद्र दिसतो म्हणून विकत घेतलेली जागा बांधकामासाठी निरुपयोगी ठरू शकते ती यामुळे. गोव्यात जुने घर घ्यायचे तर वारसाहक्काचा गुंता निराळाच. पतिपत्नींची समाईक मालकी आणि सर्व मुलांचा हिस्सा, या तेथील कायद्याच्या तत्त्वांमुळे एका घराला दहावीस सहहिस्सेदार असतात आणि त्यांतले निम्मे परदेशी असतात. एकाची सही राहिली तरी व्यवहार लंगडा.

गाणगापूरचा दाखला

अशा वेळी आपल्याच समाजाने पूर्वी या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले होते, हे आठवणे उपयोगी ठरेल. उत्तरायुष्यातील काही काळ घरापासून दूर घालवण्याची कल्पना पाश्चात्यांकडून आलेली नाही. आपल्याकडे तिला क्षेत्रवास म्हणत. फरक एवढाच की क्षेत्रवासाला जाणारा तेथे घर विकत घेत नसे. तो बिऱ्हाड करी. या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच आजच्या लेखाचे सूत्र आहे.

दाखला म्हणून गाणगापूर घेऊ. कोकणातून, गोव्यातून, मुंबईहून आणि मराठवाड्यातून पिढ्यान्‌पिढ्या लोक जेथे सेवेसाठी जात आले, असे हे दत्तक्षेत्र कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला. मराठवाडा मुंबई राज्यात आला. गुलबर्गा, बिदर, रायचूर पलीकडे गेले. नकाशावरची रेषा सरकली, पण यात्रेकरूंची वाट सरकली नाही. पुजाऱ्यांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते, गुरुचरित्राचे पारायण मराठीतच चालते आणि बाजारात कानडी व मराठी या दोन्ही भाषा सहज चालतात. पलीकडे बिदर जिल्ह्यात हुमणाबादजवळ माणिकनगर येथे माणिकप्रभूंचे स्थान आहे. तेथेही हेच दृश्य दिसते. सीमाप्रश्नाच्या राजकारणात जे साधले नाही, ते श्रद्धेच्या व्यवहारात सहजगत्या टिकून राहिले आहे.

गाणगापूरचे माहात्म्य ज्यांच्यामुळे, ते नृसिंहसरस्वती स्वतः तेथले नव्हते. त्यांचा जन्म वऱ्हाडातल्या कारंज्याचा, चौदाव्या शतकातला. कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीला दीर्घकाळ राहून ते भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर आले आणि गाणगापुरी दोन तपांच्या जवळपास राहिले. गुरुचरित्रातील कथेप्रमाणे प्रारंभी ते संगमावरच असत. पुढे गावात आले, ते एका ओसाड घरात. ब्रह्मराक्षसाच्या भयाने ज्या घराकडे कोणी फिरकत नसे, तेच त्यांचा मठ झाले. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु बंद पडलेले घर माणसाच्या राहण्याने पुन्हा नांदते झाले, एवढा त्याचा लौकिक अर्थ आजच्या कुलूपबंद किनाऱ्याला लागू पडण्यासारखा आहे. बिदरच्या सुलतानाची व्याधी स्वामींनी दूर केल्याची कथाही त्याच ग्रंथात आहे. या क्षेत्राची ओढ एका जातीपुरती वा एका भाषेपुरती मर्यादित नव्हती, हे ती कथा सांगते.

बिऱ्हाडाची रीत

गाणगापुरी जाऊन राहणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे पाहण्यासारखे आहे. पहाटे मठात काकड आरती. मग संगमावर स्नान. संगम गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि धडधाकट माणूस ही वाट पायी चालतो. तेथे औदुंबराखाली पारायणाला बसलेल्यांची रांग असते. दुपारी मठात निर्गुण पादुकांचे दर्शन. त्यानंतर माधुकरी. मध्यान्हीच्या वेळी दत्तमहाराज कोणत्या ना कोणत्या रूपाने या गावात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा असल्याने भिक्षा मागणाऱ्याला कोणी विन्मुख पाठवत नाही, आणि लक्षाधीशालाही झोळी घेऊन पाच घरी उभे राहण्यात कमीपणा वाटत नाही. सायंकाळी आरती, रात्री पालखी. सात दिवसांचे पारायण, एकवीस दिवसांची सेवा, चातुर्मासाचे अनुष्ठान, ज्याचा जसा संकल्प. संकल्प पुरा झाला की बिऱ्हाड आवरायचे आणि घरी परतायचे.

श्रद्धा बाजूला ठेवून केवळ समाजव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले, तरी या रीतीत वार्धक्याच्या चार गरजा भागवल्या गेल्या आहेत. पहिली गरज निवाऱ्याची. पुजाऱ्यांच्या घरी, धर्मशाळेत वा भक्तनिवासात खोली मिळते आणि जितके दिवस राहावे तितक्याच दिवसांचे पैसे द्यावे लागतात; भिंतीला भेग पडली तर ती ज्याची त्याने बुजवायची. दुसरी गरज दिनक्रमाची. निवृत्त माणसाला खायला उठतो तो रिकामा वेळ. समुद्राकडे पाहून एक आठवडा जातो, दुसरा आठवडा वर्तमानपत्रावर निघतो आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस शेजाऱ्याशी भांडू लागतो. क्षेत्रात घंटा वाजते आणि माणूस उठतो. तिसरी गरज सोबतीची. पारायणाला शेजारी बसलेला मनुष्य रत्नागिरीचा असो की लातूरचा, दोन दिवसांत ओळख होते, आणि तिसऱ्या दिवशी आपण दिसलो नाही तर दार ठोठावणारे कोणी असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला या दार ठोठावण्याचे मोल किती, हे सांगायला नको.

चौथी गरज मात्र पुरुषांच्या बहुधा ध्यानात येत नाही. ती आहे गृहिणीच्या विश्रांतीची. नवरा साठाव्या वर्षी निवृत्त होतो. बायको कधीच होत नाही. समुद्रकाठी दुसरे घर घेतले म्हणजे तिच्या वाट्याला दुसरी चूल येते, दुसरा केरवारा येतो आणि सुटीत येणाऱ्या पाहुण्यांची दुसरी पंगत येते. एका घराच्या कामाने थकलेल्या स्त्रीला दोन घरांची कामे देऊन त्याला निवृत्ती म्हणणे, हा विनोद क्रूर आहे. क्षेत्रातल्या बिऱ्हाडात प्रसादाचे जेवण असते आणि चूल पेटवली तरी ती दोघांपुरतीच. दुसऱ्या घराचा निर्णय करताना तिचे मत शेवटी नव्हे, प्रथम विचारले पाहिजे.

ऋतुमानाचाही एक उपयुक्त जोड येथे जमतो. कोकण-गोव्यात जून ते सप्टेंबर पावसाचे थैमान असते. वाटा निसरड्या, हवा दमट, संधिवाताच्या माणसाचे हाल. भीमाकाठचा प्रदेश पर्जन्यछायेतला. किनाऱ्यावर जितका पाऊस पडतो त्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी तिकडे वर्षभरात पडतो. तेव्हा किनाऱ्यावरच्या वृद्धाने चातुर्मास घाटावर काढावा, ही जुनी रीत हवामानाच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती. संन्याशांनाही नियम होता तो चातुर्मासात एके ठिकाणी राहण्याचा. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली जन्मलेले आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे समाधिस्थ झालेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, आयुष्यभर भारत पायी फिरले. पण पावसाळ्याचे महिने ते कोठेतरी एका गावी स्थिर होत, आणि पुढच्या वर्षी गाव दुसरे असे. वर्षातला काही काळ स्थिर राहण्यासाठी मालकी लागत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते?

क्षेत्राच्या उणिवा

मात्र येथेच थांबलो तर ते एकांगी लिहिणे होईल. गाणगापूर म्हणजे वृद्धांचे नंदनवन नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गी जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो. किनाऱ्याच्या हवेत वाढलेल्या आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या माणसाने त्या दिवसांत तिकडे पाऊल टाकू नये. भीमेला पूर येतो. वर उजनी धरण भरले आणि पाऊस थांबला नाही की खालच्या गावांचा जीव टांगणीला लागतो; २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अफझलपूर तालुक्याने त्याचा कटू अनुभव घेतला. म्हणून चातुर्मासात राहणाऱ्याने खोली गावात, उंचावर घ्यावी आणि संगमावरच्या स्नानाचा हट्ट पुराच्या दिवसांत सोडावा. दर पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला गर्दी इतकी होते की चालणेही कठीण. मनोव्यथेने पछाडलेल्या रुग्णांना ‘बाधा’ समजून येथे आणण्याची प्रथा आहे; त्यांचे आक्रोश ऐकून कोवळ्या मनाचा माणूस हादरतो. त्या रुग्णांना आरतीबरोबर वैद्याचीही गरज आहे, हे त्यांच्या नातेवाइकांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इस्पितळाचा. मोठा उपचार हवा तर कलबुर्गी गाठावे लागते, ते चाळीसेक किलोमीटरवर. तेथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि जयदेव हृद्रोग संस्थेची शाखा आहे. सोलापूर शंभराच्या आसपास किलोमीटर पडते. गाणगापूर रोड हे रेल्वेस्थानक सोलापूर-वाडी मार्गावर आहे खरे, पण क्षेत्र तेथून वीसबावीस किलोमीटर आत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने हे अंतर मोजूनच निर्णय करावा. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२४ साली घेतला. परंतु आपले कार्ड परराज्यातील कोणत्या इस्पितळात चालते, याची चौकशी निघण्यापूर्वी केली पाहिजे, आजारी पडल्यावर नव्हे. रेल्वेभाड्यातील ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली, तेव्हा वर्षातून दोनदा जाण्यायेण्याचा खर्चही हिशेबात धरावा.

आणखी एक इशारा. जेथे यात्रा मोठी, तेथे जमिनीचे दलाल येतात; ‘क्षेत्री स्वतःचे घर’ हा शब्दप्रयोग श्रद्धाळू माणसाला भुरळ घालतो. कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करणारी कलमे २०२० साली काढून टाकण्यात आली, त्यामुळे हा मोह वाढण्याचीच शक्यता अधिक. कानडीतील कागद वाचता येत नसताना, परराज्यात, उतारवयात जमिनीचा व्यवहार करणे हे शहाणपणाचे नाही. किनाऱ्यावर जी चूक करायची नाही ती देवाच्या दारी करावी, असे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. बिऱ्हाडाचे गाव बिऱ्हाडाचेच राहू द्यावे.

गाणगापूर मानवत नसेल, तर पर्याय आहेत. अक्कलकोटला अन्नछत्राची उत्तम व्यवस्था आहे आणि सोलापूर जवळ आहे. नरसोबाची वाडी कोकणाला अधिक सोयीची. पण कृष्णा-पंचगंगेचे पाणी तेथे देवळात शिरते आणि २०१९ व २०२१ साली त्या भागाने महापूर पाहिले. म्हणजे वाडीला पावसाळा टाळून हिवाळा धरावा. प्रत्येक गावाला आपला ऋतू असतो. घर विकत घेतलेल्या माणसाला हा ऋतू निवडता येत नाही, बिऱ्हाडकरूला येतो.

बोळवण आणि वास

या विषयाला एक अत्यंत गंभीर बाजू आहे, आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्षेत्रवासाच्या पवित्र नावाखाली आपल्या समाजाने नको झालेल्या वृद्धांची, विशेषतः विधवांची, बोळवण केली आहे. काशी आणि वृंदावन येथील विधवांच्या कहाण्या जगजाहीर आहेत. दक्षिणेतली क्षेत्रेही या कलंकापासून सर्वस्वी मुक्त आहेत, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. स्वतःच्या संकल्पाने गेलेली आई आणि मुलाने ‘तुला तिथे बरे वाटेल’ म्हणून पोचवलेली आई, या दोघी एकाच औदुंबराखाली बसलेल्या असतात, दिसायला सारख्याच. फरक एकच. पहिलीच्या पिशवीत परतीचे तिकीट असते.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलांवर टाकली. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. सांभाळण्याच्या अटीवर नावावर करून दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. परंतु कायद्यापर्यंत जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी साधा नियम असा की, राहते घर जिवंतपणी कोणाच्या नावावर करून मग क्षेत्रवासाला निघू नये. वास स्वेच्छेचा ठरतो तो परतण्याची जागा शाबूत असेल तरच. किनाऱ्यावर दुसरे घर घेण्यासाठी शहरातले पहिले घर विकणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. दुसरी जागा कितीही रम्य असो, ती दुसरीच राहिली पाहिजे.

आपल्या किनाऱ्याने काय करावे

वाचकांतील काहीजण म्हणतील, आमची दत्तावर श्रद्धा नाही, आम्हाला समुद्रच हवा. आम्ही काय करावे? त्यांना आमचे सांगणे असे की समुद्र जरूर पाहावा, परंतु क्षेत्रवासाची रीत किनाऱ्यावर आणावी. गाव निवडताना चार प्रश्न विचारावेत. चालत्या अंतरावर वाणी, औषधाचे दुकान आणि बसथांबा आहे काय? रात्री दोन वाजता इस्पितळ तासाभरात गाठता येईल काय? सलग आठ दिवस आपण दिसलो नाही तर चौकशी करणारे कोणी आहे काय? आणि पावसाळ्याचे दोन महिने भाड्याने राहून पाहिल्यावरही तेथे राहावेसे वाटते काय? चारही उत्तरे होकारार्थी आली तरी पहिली तीन वर्षे भाड्यानेच राहावे. मग घर घेण्याची आवश्यकता बहुधा उरत नाही.

दुसरी सूचना आपल्या संस्थांना आहे. गोव्यातील देवस्थानांपाशी अग्रशाळा आहेत. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी येथे कुळावी जातात, दोनचार दिवस राहतात, कुळाचार उरकून परततात. उत्सवाचे दिवस सोडले तर वर्षातला बराच काळ अशा खोल्या रिकाम्या असतात. पावसाळ्यात तर विशेषच. या अग्रशाळांतील काही खोल्या ज्येष्ठांच्या दीर्घ वास्तव्यासाठी राखून, माफक भाडे, दोन वेळचे साधे जेवण आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरची फेरी एवढी व्यवस्था केली, तर देवस्थानालाही उत्पन्न मिळेल आणि बेताच्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसालाही वर्षातले दोन महिने सन्मानाने घराबाहेर राहता येईल. कोकणातील देवस्थानांच्या भक्तनिवासांनाही हे करता येण्यासारखे आहे. सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या निवासांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिने, कठडे, न्हाणीघरातील आधार, तातडीची वैद्यकीय मदत यांविषयीच्या सूचना त्यांत आहेत. मोठ्या बिल्डरांच्या वसाहतींसाठी केलेली ही तत्त्वे एखाद्या अग्रशाळेला लावायला फार खर्च येत नाही. उंबऱ्याशी एक कठडा आणि न्हाणीत एक धरदांडा, एवढ्यानेही कितीतरी मांडीची हाडे मोडायची वाचतील.

ग्रामपंचायतींनीही विचार करावा. गावात बंद असलेल्या घरांचे मालक मुंबईत वा आखातात असतात. भाडेकरू घर बळकावील, ही त्यांची भीती अनाठायी नाही. पंचायतीच्या मध्यस्थीने, नोंदलेल्या लेखी कराराने, ठराविक महिन्यांसाठी ज्येष्ठ जोडप्यांना ही घरे देण्याची सोय झाली, तर मालकाच्या घराला वारा लागेल, वाळवी थांबेल आणि गावाला दिवा दिसेल. ओसाड घर नांदते होण्यासाठी प्रत्येक वेळी अवतारी पुरुषच यावा लागतो असे नाही. संध्याकाळी दार उघडून कंदील लावणारे एक वृद्ध जोडपेही ते करू शकते.

वानप्रस्थाची कल्पना मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांनी वनात जायला सांगितले, वन विकत घ्यायला सांगितले नाही. आयुष्यभर एक घर उभे करण्यासाठी झिजलेल्या माणसाने उतारवयात दुसऱ्या घराच्या फेऱ्यात पुन्हा अडकावे, यात निवृत्ती कसली? आपली ठेव बँकेत, आपले पहिले घर आपल्या नावावर आणि दोन जणांचे सामान दोन पिशव्यांत मावेल एवढे. मग चातुर्मास भीमेच्या काठी काढा, हिवाळा समुद्राच्या काठी काढा आणि मे महिन्यात नातवंडे यायच्या आत घरी परता. हे ज्याला साधले त्याला किनाऱ्याचे वाढते भाव ऐकून उसासा टाकण्याचे कारण उरणार नाही.